धूळ धरायची कुठे

वर्कशॉप स्वच्छ झाडून घेतलेलं असतं. फरशीवर एक छिलका नाही, टेबल पुसलेलं, करवतीच्या पोटातला भुसाही उपसून टाकलेला. आणि मग काहीतरी काढायला स्टुलावर चढलं की ट्यूबलाइटच्या पट्टीवर बोटाला तो फिकट, मऊ थर लागतो. पंख्याच्या पात्यांवर तोच, दाराच्या चौकटीवरही तोच. तिथे वर कुणी लाकूड कापलेलं नसतं. घरच्या खोलीत सुतारकाम करणाऱ्या बहुतेकांना हा थर चांगला ओळखीचा असतो आणि बहुतेक जण तो पुसून पुढच्या कामाला लागतात. पण हा माल जमिनीवर पडलेलाच नव्हता. तो तासन्‌तास हवेत होता, आणि त्याच हवेत उभं राहून कुणीतरी श्वास घेत होतं.

रात्री खोलीतले दिवे मालवून एक टॉर्च आडवी धरली की उरलेलं दिसतं. सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र) बंद होऊन बराच वेळ झालेला असला तरी प्रकाशाच्या पट्ट्यात कण संथ फिरत असतात. टॉर्चमध्ये दिसतात ते त्यातले मोठे. हवा अगदी स्तब्ध धरली तर १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दीड मीटर खाली यायला आठेक मिनिटं घेतो. २.५ मायक्रॉनच्या कणाला दोन तासांहून जास्त लागतात आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळपास अर्धा दिवस. खोलीतली हवा तर कधीच स्तब्ध नसते. माणूस नुसता चालला तरी ती ढवळली जाते. फरशीवर पडतो तो भुसा झाडूने जातो आणि फुफ्फुसाला त्याचा फारसा त्रासही नसतो. त्रास देतो तो न दिसणारा.

याबद्दल घाबरवायचं म्हणून काही लिहायचं नाही, पण गुळमुळीत बोलण्यातही अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात घातली, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी म्हणून. संबंध प्रामुख्याने नाक आणि त्याभोवतालच्या पोकळ्यांशी, आणि ओक, बीच अशा कठीण लाकडांशी. वेस्टर्न रेड सीडरमधल्या प्लिकॅटिक आम्लाने दमा होतो. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीत, लाकडाच्या जोडीला फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो आणि त्याची धूळ इतकी बारीक की कापताना समोर नुसता धूर दिसतो. गंमत अशी, की ताज्या कापलेल्या सीडरचा जो वास खोलीत शिरल्या शिरल्या छाती भरून घ्यावासा वाटतो, त्याच श्वासासोबत हे सगळं आत जातं. या छंदातलं सुख आणि दुखणं दोन्ही एकाच ओंडक्यातून येतात.

मग डस्ट कलेक्टर, म्हणजे पंख्याने भुसा ओढून पिशवीत धरणारं यंत्र, आणायचं ठरतं, आणि इथेच क्रम उलटा होतो.

माणूस आधी मोटरचा हॉर्सपॉवर बघतो, मग पाइप बघतो आणि शेवटी यंत्राला जे तोंड असेल त्याला नळी खोचतो. माझ्या मते सुरुवात पात्यापासून करायला हवी. कारण हवेचा एक साधा स्वभाव आहे: फुंकर मारून हातभर लांबची मेणबत्ती विझते, पण श्वास आत ओढून ओठांजवळचीही विझत नाही. बाहेर सोडलेली हवा एका दिशेने जाते, ओढलेली हवा मात्र चारी बाजूंनी येते. १०० मि.मी.च्या नळीच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला २० मीटर असला, तर तोंडापासून १०० मि.मी. लांब तो जेमतेम दीड मीटर उरतो, म्हणजे चालण्याचा वेग. आता दुसरी बाजू बघा. २५४ मि.मी. व्यासाचं पातं मिनिटाला ४००० फेरे घेतं तेव्हा दातांचा वेग सेकंदाला ५३ मीटर असतो, ताशी १९० किलोमीटर. त्या वेगाने सुटलेला भुसा चालण्याच्या वेगाची हवा कशी वळवणार? मोटर दुप्पट केली तरी नाही वळणार. भुसा जिकडे फेकला जातो तिकडेच तोंड नेऊन ठेवणं, आणि बाकीच्या वाटा बंद करणं, हाच मार्ग.

टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीवर, हे नीट करायचं तर एक दिवस मोडतो, पण त्या दिवसाइतका परतावा पुढच्या कुठल्याच खर्चातून येत नाही. खालून उघड्या स्टँडचा सॉ असेल तर तळाला प्लायचा तुकडा बसवायचा, त्यात १०० मि.मी.चं भोक, आणि शक्य असेल तर तळ भोकाच्या दिशेने उतरता. मागची फट चुंबकी शीटने झाकायची. मोटर मागे लटकत असेल तर पातं ४५ अंशात कलवताना ती शीट काढावीच लागते, म्हणून स्क्रूने पक्की करायची नाही. पण सगळंच बंद केलं तर हवा येणार कुठून? पात्याच्या समोरच्या बाजूला, हँडव्हीलच्या खाचेशी थोडी जागा मुद्दाम ठेवायची, म्हणजे हवा पात्यावरून वाहत तळाच्या भोकाकडे जाईल. पातं जिथून वर येतं त्या टेबलाच्या खिडकीतली, पात्याला घट्ट बसणारी पट्टी कापाला चांगली असते, धुळीला वाईट. पात्याच्या बाजूने हवा खाली उतरू शकत नाही आणि दातांच्या खाचांत अडकलेला भुसा फिरून वर येऊन चेहऱ्यावर बसतो. त्या पट्टीत पात्याला समांतर, मागच्या अर्ध्या भागात ८-१० मि.मी.ची भोकांची ओळ पाडली तर फरक लगेच दिसतो. आणि तरीही काठावरून दोन-तीन मि.मी.ची चिंधी काढताना, जेव्हा पात्याची एक बाजू उघडीच असते, तेव्हा खालची ओढ कितीही असली तरी वर भुसा उडणारच. तिथे पात्यावरच्या गार्डला स्वतःची वेगळी नळी लागते, ५० किंवा ६३ मि.मी.ची. गार्ड काढून ठेवायची सवय असेल तर बोटं आणि फुफ्फुसं दोन्ही एकदमच उघड्यावर येतात.

बँड सॉ (दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरणारी करवत) त्या मानाने गरीब स्वभावाचा. त्याचं पातं सेकंदाला १५ मीटरच्या आसपास धावतं, म्हणजे नळीतल्या हवेपेक्षा हळू, आणि भुसा पात्याला चिकटून खाली येतो. फक्त बनवणाऱ्याने नळीचं तोंड कपाटाच्या तळाशी, खालच्या चाकापलीकडे दिलेलं असतं. तोपर्यंत अर्धा भुसा चाकाच्या रबरावर दाबला गेलेला असतो. टेबलाच्या लगेच खाली, खालच्या गाइडशेजारी तोंड आणलं की काम झालं. मायटर सॉचं (वरून खाली आणून आडवा काप घेणाऱ्या करवतीचं) काय करावं हे मात्र कुणालाच धड जमलेलं नाही. पातं कलतं, फिरतं, पुढेमागे सरकतं आणि भुसा दर वेळी वेगळ्या कोनात मागे उडतो. मागे निमुळती होत जाणारी खोल पेटी करून तिच्या तळाशी १०० मि.मी.ची नळी, आणि सॉच्या स्वतःच्या छोट्या तोंडाला वेगळी बारीक नळी, असं दोन्ही केल्यावरही काही भाग निसटतो. हा सॉ दाराजवळ ठेवावा, एवढंच म्हणेन. राउटर टेबलला (खालून फिरणाऱ्या कटरने कडा कोरायच्या टेबलाला) फेन्समध्ये, म्हणजे लाकूड टेकवायच्या पट्टीत, एक आणि खालच्या बंद पेटीला एक अशी दोन तोंडं लागतात. पेटी पूर्ण बंद केली तर राउटरची मोटर तापते, म्हणून हवा आत यायला भोकं हवीत. लेथचे लांब छिलके कुठल्याच नळीत जात नाहीत, ते पडू द्यावेत. तिथे ओढ लागते ती पॉलिश पेपर लावताना, आणि तेव्हा तोंड लाकडापासून चार बोटांवर आणावं लागतं.

सँडरसाठी डस्ट कलेक्टर जवळजवळ निरुपयोगी, आणि हे समजलं की दोन यंत्रांमधला फरक आपोआप उलगडतो. व्हॅक्यूम क्लिनरची ओढ जबरदस्त, दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलेल इतकी, पण हवा थोडी, तासाला २०० घनमीटरच्या आसपास. डस्ट कलेक्टरचं उलटं. ओढ पाव मीटर पाण्याची, पण हवा भरपूर. सँडरच्या २७ ते ३६ मि.मी.च्या नळीतून हवा खेचायला दाब लागतो, तिथे व्हॅक्यूम. जाळीचा पॉलिश पेपर आणि चांगलं फिल्टर असलेला व्हॅक्यूम अशी जोडी असली तर सँडिंग हे खोलीतलं सगळ्यात घाणेरडं काम उरत नाही. थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारा), जॉइंटर (कड सपाट करणारा), टेबल सॉ यांना हवेचं आकारमान लागतं, तिथे कलेक्टर. थिकनेसरला व्हॅक्यूम जोडला तर नळी मिनिटाभरात छिलक्यांनी गच्च होते आणि रोलरखाली अडकलेले छिलके लाकडावर खळगे पाडतात. कलेक्टरच्या खोक्यावरचा हवेचा आकडा बहुधा पाइप आणि फिल्टर न लावता मोजलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा धरून हिशेब करावा.

हिशेब असा. भुसा पाइपात न बसता वाहता राहायला सेकंदाला साधारण २० मीटर वेग लागतो. १०० मि.मी.च्या पाइपात त्यासाठी तासाला सुमारे ५६५ घनमीटर हवा हवी, १५० मि.मी.च्या पाइपात जवळपास १२७०. जाड पाइप कधीही बरा असं ऐकून एक हॉर्सपॉवरच्या कलेक्टरला १५० चा मुख्य पाइप टाकला आणि टोकाला १०० ची नळी ठेवली, तर मुख्य पाइपात वेग ९ मीटरच्याही खाली उतरतो. भुसा तळाशी बसतो, एक दिवस त्याचा ढीग घसरतो आणि पाइप तुंबतो. छोट्या यंत्राला १०० मि.मी., लांबी कमीत कमी, वळणं त्याहून कमी. यंत्रं भिंतींना चिकटवून पाइप फिरवण्यापेक्षा यंत्रांना चाकं लावून कलेक्टरजवळ आणणं घरच्या खोलीत जास्त शहाणपणाचं.

पाइप बसवताना तीन-चार गोष्टींवरच सगळं अवलंबून असतं. वळ्यांची लवचिक नळी गुळगुळीत पाइपाच्या सुमारे तिप्पट ओढ खाते, म्हणून ती यंत्राजवळ मीटरभरच. ९० अंशाच्या एका एल्बोऐवजी ४५ चे दोन आणि मध्ये पाइपाचा तुकडा. फाटा काढायचा तो वाय वापरून, हवेच्या दिशेने झुकलेला, काटकोनी टी वापरून नाही. आणि तो मुख्य पाइपाच्या बाजूने किंवा वरून जोडायचा. खालून जोडला तर इतर यंत्रांचा भुसा बंद फाट्यात पडून साठतो. सांडपाण्याचा ११० मि.मी.चा पीव्हीसी पाइप सर्रास वापरतात. त्याचं आणि १०० च्या नळीचं माप जमत नाही, तेव्हा हॉट एअर गनने पाइपाचं टोक मऊ करून हव्या त्या मापाच्या ठोकळ्यावर दाबून बसवायचं आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचं. सांधे सोल्यूशनने चिकटवू नयेत, तुंबल्यावर उघडावे लागतात. एखादा आखूड स्क्रू आणि वरून फॉइल टेप पुरते. स्क्रू आखूड हवा, कारण आत डोकावणाऱ्या टोकाला जॉइंटरचा एक लांब छिलका अडकतो, त्याला दुसरा, आणि पुढचं सांगायला नको. फाटे उघड-बंद करायच्या प्लास्टिकच्या सरकत्या झडपा स्वस्त आणि त्रासदायक. खाचेच्या कोपऱ्यात भुसा दाबला जातो आणि झडप पूर्ण बंद होईनाशी होते. खाचेचे बंद कोपरे पटाशीने उघडून टाकले की तो भुसा बाहेर पडायला वाट मिळते.

पाइप आणि पंखा यांच्यामध्ये सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवणारं नरसाळं, बसवला की जड भुसा गोल फिरत खाली बादलीत उतरतो आणि फिल्टरपर्यंत फक्त बारीक धूळ जाते. हे इतकं चांगलं चालतं की लोक त्याच्या एकमेव अटीकडे दुर्लक्ष करतात: बादली हवाबंद हवी. झाकणाशी केसाइतकी फट राहिली तर तिथून आत शिरणारी हवा खाली उतरलेला भुसा पुन्हा उचलून वर नेते. बादली रिकामी आणि फिल्टर भरलेलं, असं दिसलं की फट शोधायला लागावं. टिश्यू पेपरची बारीक पट्टी झाकणाभोवती फिरवली की जिथे ती आत खेचली जाते तिथे गळती. व्हॅक्यूमवर सायक्लोन लावताना आणखी एक गंमत होते. नळीचं तोंड हाताने बंद झालं की पातळ बादली धाडकन आत बसते. दोन मीटर पाण्याचा दाब म्हणजे ३० सें.मी. लांबी-रुंदीच्या पत्र्यावर १८० किलोच्या आसपास भार, बादलीचं तरी काय चुकलं? एकात एक अशा दोन बादल्या घालाव्यात किंवा जाड भिंतीचा डबा घ्यावा.

एकपदरी, म्हणजे सायक्लोन नसलेल्या, कलेक्टरमध्ये फिल्टर पंख्यानंतर असतं, म्हणजे तिथे ओढ नसते, दाब असतो. पंख्याआधीच्या गळतीने फक्त ताकद कमी होते. पंख्यानंतरच्या गळतीने धूळ खोलीत फवारली जाते. म्हणूनच ३० मायक्रॉनची कापडी पिशवी हे या सगळ्या व्यवस्थेतलं सगळ्यात वाईट सोंग आहे. फरशी स्वच्छ दिसते, छिलके गायब होतात, आणि ज्या कणांसाठी खटाटोप केला तेच कापडातून गाळून, दळलेल्या रूपात खोलीभर परत येतात. फिल्टर १ मायक्रॉनचं किंवा त्याहून बारीक घ्यावं आणि कापड भरपूर असावं. ५६५ घनमीटरला निदान ३ चौरस मीटर. साध्या पिशवीत इतकं कापड मावत नाही, म्हणून घड्यांचं कार्ट्रिज.

फिल्टर कधी साफ करायचं हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात एका पट्टीवर बसवावी, तिच्यात रंगीत पाणी घालावं, मागे मि.मी.ची पट्टी चिकटवावी. नळीचं एक टोक फिल्टरखालच्या पत्र्याच्या रिंगमध्ये पाडलेल्या बारीक भोकात, दुसरं मोकळं. पंखा चालू केला की दोन बाजूंच्या पाण्यात फरक पडतो. नवं फिल्टर असताना, एकच ठरावीक झडप उघडी ठेवून, तो फरक पट्टीवर लिहून ठेवायचा. पुढे त्याच झडपेवर तो दुप्पट झाला की फिल्टर काढून, खोलीबाहेर नेऊन, बाहेरून आत अशा दिशेने हवा मारून झटकायचं. आवाजही सांगतो, पण ऐकायला शिकावं लागतं. नळी तुंबली की व्हॅक्यूमचा आवाज चढतो आणि वाटतं, बिचाऱ्याला जास्त कष्ट पडताहेत. प्रत्यक्षात हवाच नाही म्हणून मोटरवरचा भार कमी होऊन ती वेगाने पळते. कलेक्टरही तोंड बंद केल्यावर कमी अँपियर घेतो.

फिल्टरला कायमचा रामराम ठोकून हवा थेट बाहेर सोडायची, हा मोह मोठा आहे आणि शेजारी लांब असतील तर तो चांगलाही आहे. पण ३ बाय ४ मीटरच्या खोलीत ३२ घनमीटर हवा असते. ५६५ घनमीटर बाहेर गेली तर साडेतीन मिनिटांच्या आत पूर्ण खोली रिकामी. तितकी हवा आत यायला खिडकी उघडी हवी. ती नसेल आणि त्याच घरात धुराड्याचा गॅस हीटर असेल तर हवा धुराड्यातून उलटी खेचली जाते आणि तिच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड. इथे निष्काळजीपणाला जागा नाही.

पीव्हीसी पाइपाच्या स्थिर विजेवरून स्फोटाची भीती फार घातली जाते. स्फोटाला घनमीटरला साधारण ४० ग्रॅम धूळ लागते, इतकी की समोरचा हात दिसणार नाही. एका माणसाच्या वर्कशॉपच्या पाइपात तेवढी क्वचितच होते. झटके मात्र बसतात, आणि करवतीशी उभं असताना दचकणं हाच खरा धोका. पाइपावरून उघडी तांब्याची तार गुंडाळून ती यंत्राच्या अर्थिंगला जोडली की झटके कमी होतात. मला जास्त काळजी वाटते ती फरशीवरच्या स्क्रूची. झाडताना तो नळीत गेला, लोखंडी पंख्यावर आपटला, ठिणगी पिशवीत पडली, तर भुसा तासन्‌तास आतल्या आत धुमसू शकतो. झाडण्यासाठी कलेक्टर वापरायचाच नाही आणि रात्री भरलेली पिशवी तशीच ठेवून झोपायचं नाही.

एवढं करूनही काही धूळ सुटतेच. त्यासाठी छताशी टांगलेलं हवेचं फिल्टर, तासाला सहा ते आठ वेळा खोलीतली हवा गाळेल असं. वर धरलेल्या खोलीला २६० घनमीटर पुरेत. साध्या चौकोनी पंख्याला एमईआरव्ही १३ दर्जाची (हे बारीक कण धरण्याच्या क्षमतेचं माप) फिल्टरं चिकटवून केलेला, रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी २०२० मध्ये पुढे आणलेला डबाही हे काम झकास करतो. मात्र तो धूळ पकडतो ती नाकासमोरून गेल्यावर. म्हणून सँडिंगला मास्क हवाच, तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा (दाढी असेल तर बसत नाही), आणि यंत्र थांबल्यावर लगेच उतरवायचा नाही. नेमकी तेव्हाच हवा सगळ्यात वाईट असते. आणि जमेल तिथे सँडरऐवजी हातरंधा किंवा स्क्रेपर घ्यावा. रंध्याचा छिलका हवेत तरंगत नाही, त्याला पाइप लागत नाही, फिल्टर लागत नाही, आणि खोलीत रेडिओ ऐकू येतो.

बादली रिकामी करणं हे काम शेवटी येतं आणि घाईत होतं. दिवसभर जी धूळ पकडली ती दहा सेकंदांत परत अंगावर घ्यायची नसेल तर बादली खोलीबाहेर न्यावी, मास्क ठेवावा, पिशवी बादलीच्या तोंडावर उलटी चढवून मग दोन्ही मिळून पालथं करावं. निव्वळ लाकडाचा भुसा कंपोस्टला चालतो. एमडीएफ, प्लाय किंवा औषध मारलेलं लाकूड कापलेल्या दिवसाचा भुसा त्यात जाऊ देऊ नये. कुणी घोड्याच्या तबेल्यात अंथरायला भुसा मागितला आणि त्यात ब्लॅक वॉलनट असेल, तर सरळ नाही म्हणावं. त्याने घोड्यांचे खूर सुजतात.